राखीव शिपायाची माफी

“मी सुटलेला नाय, राखीव आहे.”

धोंडीराम शिगवण एवढेच बोलायचा, पण रोज बोलायचा. कुणी त्याला माजी सैनिक म्हटले की चहाचा कप खाली ठेवून बोलायचा. कुणी रिटायर म्हटले तर कप ठेवायलाही थांबायचा नाही. पलटणीतून सुटून घरी आलेला शिपाई वेगळा आणि घरी पाठवून राखून ठेवलेला शिपाई वेगळा, हे तो आम्हाला भाताच्या भाषेत समजवायचा. खायचे भात कणगीत ओततात आणि बियाण्याचे वेगळे, मुडी बांधून ठेवतात. घरात उपास पडले तरी त्या मुडीला हात लावायचा नसतो. तसा मी आहे, म्हणायचा. दिसतो घरात, पण मोजला जातो दुसरीकडे.

तो खेड तालुक्यातला, जगबुडीच्या काठचा. अंगाने सडपातळ, मान लांब, चालताना हात शरीराला चिकटलेले. खडकीच्या सॅपर पलटणीत तो पाइप फिटर म्हणून शिकला होता. एकाहत्तरच्या लढाईत नदीवर पूल टाकणाऱ्या तुकडीत होता. लढाई संपली आणि काही काळाने त्याला राखीव दलात घालून घरी पाठवले. राखीव म्हणजे घरी राहायचे, शेती करायची, नोकरी करायची, पण बोलावणे आले की हातातले टाकून जायचे. मध्ये मध्ये खडकीला ट्रेनिंगसाठी हजर व्हायचे. ठरलेली वर्षे अशी भरली की मग खरी सुटका.

लढाईनंतरच्या वर्षी त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीने एक ठराव केला होता. जो पलटणीत आहे, किंवा पलटणीच्या राखीव दलात आहे, त्याच्या घराला घरपट्टी माफ. पंचायतीच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवला, वर पांढऱ्या रंगात ‘घरपट्टी माफी’ असे लिहिले आणि खाली चार नावे. त्यातले शेवटचे नाव धोंडीरामचे. घरपट्टी ती केवढी असणार, त्या गावातल्या त्या कौलारू घराची. ती वाचली म्हणून कुणाच्या चुलीवर जास्तीचे काही शिजले नसते. पण त्या भिंतीवरून बाजाराची वाट जात होती. त्याची बायको पारू बाजाराला जाताना त्या भिंतीपाशी पदर सारखा करायची, असे तो सांगायचा, आणि सांगताना स्वतःच्या शर्टाची कॉलर सारखी करायचा.

आमचा कॅम्प अरबस्तानात यान्बूला होता, तांबड्या समुद्राच्या काठी. ते दिवस तेलाच्या भरतीचे होते. जिथे काल नुसती वाळू होती तिथे आज क्रेन उभी आणि उद्या चिमणी. जगभरातून माणसे आली होती. कोरियन, फिलिपिनो, पठाण, आणि आम्ही कोकणातले न् घाटावरचे. मी शटरिंगचा सुतार होतो. समुद्र होता, पण आमच्या समुद्रासारखा त्याला वास नव्हता. ना शेवाळ, ना सुकत घातलेले मासे, ना चिखल. भरती-ओहोटीही अशी, की लक्ष ठेवले तरच कळावी. तासभर पाइपावर हात ठेवून बसले तर हाताला मीठ यायचे, तेवढीच ओळख.

तिथे कुणालाही पगारावर कर नव्हता. म्हणून धोंडीराम आपल्या माफीचे कौतुक सांगू लागला की लोकांना हसू यायचे. साताऱ्याकडचा शंकर म्हणून एक वेल्डर होता, त्याच्याच केबिनमधला, तोंडाचा तिखट. तो म्हणायचा, “आमच्याकडं माफी चोराला देतात, पाव्हणं. तुम्ही काय चोरलं होतं?” धोंडीराम त्यावर आपले ते वाक्य बोलायचा आणि शंकर ते त्याच्याबरोबर एका सुरात म्हणायचा.

त्या शब्दाची आणखी एक गंमत होती. अरबस्तानातल्या बोलीत ‘माफी’ म्हणजे ‘नाही’. पाणी माफी म्हणजे पाणी नाही. गाडी माफी म्हणजे गाडी आलेली नाही. नव्या माणसाचा यात हमखास घोटाळा व्हायचा. धोंडीराम पहिल्या आठवड्यात बाजारात काडेपेटी घ्यायला गेला. दुकानदार हात हलवून म्हणाला, माफी. धोंडीरामला वाटले, हा पैसे माफ करतो आहे. फुकटचे नको म्हणून तो नोट पुढे करत राहिला आणि दुकानदार हात हलवत राहिला. शेवटी शेजारच्या दुकानात सामान घ्यायला आलेला आमच्याच कंपनीतला जमालुद्दीन धावला आणि त्याने दोघांनाही सोडवले. त्यांची ओळख झाली ती अशी.

जमालुद्दीन दाभोळच्या खाडीवरचा. वडिलांचे गलबत होते, ते गलबत गेल्यावर हा जेद्द्याला आला, तिथल्या अझीझिया भागात एका दुकानात राहिला, तिथे अरबी शिकला आणि मग आमच्या कंपनीत टाइमकीपर झाला. माणसांची हजेरी तो घ्यायचा आणि ऑफिसात कुणाला अरबीत काही सांगायचे असले तर दुभाष्याचे कामही तोच करायचा. गोल अंगाचा, हसरा, आणि भीतीला जरा लवकर बळी पडणारा. धोंडीरामला तो धोंडूदादा म्हणायचा, धोंडीराम त्याला जमालभाय. शुक्रवारी दोघे मिळून मासे आणायचे आणि ते ताजे आहेत की नाहीत यावर वाट संपेपर्यंत भांडायचे.

धोंडीरामच्या गँगवर एक अमेरिकन फोरमन होता. नाव हॉलिस. आमच्या लोकांनी त्याचा होळीसाहेब केला होता, आणि उन्हाने लाल झालेल्या त्याच्या तोंडाला ते शोभतही होते. माणूस वाईट नव्हता. दोन पाइपांच्या तोंडाच्या फ्लँज जोडताना एका बाजूचे बोल्ट भराभर आवळत गेले की तो चिडायचा. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत यावे लागतात, नाहीतर मधली गॅस्केट एका अंगाने दबते आणि पाणी मारते. धोंडीरामला हे सांगावे लागत नव्हते, म्हणून त्यांचे जमायचे.

हा हॉलिस दरवर्षी दोन आठवडे मायदेशी जायचा. सुट्टीवर जातो असेच सगळ्यांना वाटायचे. त्या वर्षी, एकोणऐंशीच्या पावसाळ्यानंतर (आपल्याकडचा पावसाळा, तिकडे कुठला), त्याच्या टेबलावर खाकी टोपी घातलेला त्याचाच फोटो धोंडीरामला दिसला. त्याने पलटणीतल्या इंग्रजीत विचारले. तेव्हा कळले की हा गडीसुद्धा राखीव. आपल्या राज्याच्या राखीव पलटणीत होता आणि वर्षाचे ते दोन आठवडे तो कवायतीला जात होता.

मग दोघे पाइपाच्या सावलीत बसून बोलत राहिले. हॉलिसने सांगितले, की अमेरिकेत माणसाला दोन सरकारांना कर द्यावा लागतो, एक देशाचे आणि एक राज्याचे. पण राखीव शिपायाला कवायतीचा जो पगार मिळतो त्यावर त्याचे राज्य कर घेत नाही. सगळीच राज्ये असे करतात असे नाही, त्याचे करत होते. तो म्हणाला, त्यात वाचते फार थोडे, पण वर्षाचा फॉर्म भरताना त्या एका ओळीवर आलो की बरे वाटते. आपण दूर असलो तरी राज्याला आपण माहीत आहोत.

धोंडीराम त्या संध्याकाळी केबिनमध्ये आला तो पाय जमिनीवर न लागता. शंकरला म्हणाला, बघ, अमेरिकेतसुद्धा माफी आहे. शंकर म्हणाला, “म्हणजे तिकडंपण चोर हायत.”

हे सगळे हसण्यावारी चालले असते. पण दसऱ्याच्या सुमाराला पारूची टेप आली. त्या काळी आम्ही लोक पत्रापेक्षा कॅसेट पाठवायचो. गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर कोरी कॅसेट द्यायची, आणि ती बोलून परत यायची. तीत बायकोचा आवाज असायचा, मागे कोंबड्या, मधेच म्हातारीचे खोकणे. पारूने आधी गाईचे सांगितले, मग रानडुकरांनी उकरलेल्या आंब्याच्या कलमांचे, आणि मग आवाज जरा उतरवून सांगितले, की खडकीहून बोलावणे आले आहे. दिवाळी झाली की शेवटचे ट्रेनिंग. आणि पंचायतीत नवा ग्रामसेवक आला आहे, तो चारचौघांत बोलला, की धोंडीराम शिगवण कसला राखीव, तो अरबस्तानात पैसे मिळवतोय, गेल्या खेपेलाही आला नाही. या खेपेला आला नाही तर नाव पुसून टाकतो.

गेल्या खेपेचे खरे होते, पण त्याला रीतसर सवलत मिळाली होती. परदेशी जायची परवानगी देताना खडकीच्या ऑफिसने धोंडीरामला एक अट घातली होती. मधले ट्रेनिंग चुकले तर चालेल, शेवटच्याला हजर राहायचे. त्याने तिथल्या सुभेदारसाहेबांसमोर उभे राहून होय म्हटले होते. त्या ट्रेनिंगनंतर त्याची वर्षे भरणार होती.

त्याने टेप परत फिरवून तेवढाच भाग पुन्हा ऐकला. शंकर कॉटवर पडून ऐकत होता. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. उलट त्याने जे विचारले ते आम्हा सगळ्यांच्याच मनात आले होते. ट्रेनिंग झाले की राखीवपण संपणार. राखीवपण संपले की माफीही संपणार. म्हणजे गेलास तरी नाव पुसणार, नाही गेलास तरी पुसणार. मग कामधंदा सोडून कशाला जातोस?

धोंडीराम म्हणाला, “पुसायचंच आहे तर हजेरी दिल्यावर पुसू दे. गैरहजर म्हणून पुसलेलं मला नको.”

अडचण अशी होती की त्याच वेळी आमची पाण्याची मोठी लाइन पुरी होत आली होती आणि तिला दाबाला लावायचे होते. म्हणजे लाइनीत पाणी भरायचे, दाब चढवायचा आणि कुठे गळते का ते बघायचे. ते होईपर्यंत फिटर लोकांच्या रजा बंद, असा हुकूम होता. आणि तिथे रजा म्हणजे नुसते होय-नाही नसते. पासपोर्ट कंपनीजवळ, हातात फक्त इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना. कफिलाच्या, म्हणजे आम्हाला तिकडे आणणाऱ्या मालकाच्या, वतीने ऑफिसने जाऊन परत यायचा कागद काढून दिला तरच देशाबाहेर पाऊल पडणार.

तो आधी हॉलिसकडे गेला. हॉलिसने ऐकून घेतले आणि उठून त्याच्याशी हात मिळवला. त्याची स्वतःची रजा मंजूर झाली होती, कारण अमेरिकनांच्या करारात तसे कलम होते. आमच्या करारात नव्हते. हॉलिस म्हणाला, मी सांगून बघतो. सांगितलेही त्याने. ऑफिसातून उत्तर आले, की मुदीर माणसाशी स्वतः बोलतील.

मुदीर म्हणजे कॅम्पचा सौदी व्यवस्थापक. उतारवयाचा, ठेंगणा, हातात सतत जपमाळ. त्याच्यासमोर जे झाले ते मी पाहिलेले नाही. जमालुद्दीनने मला सांगितले, एकदा हसत आणि एकदा न हसता.

मुदीराने आधी चहा दिला. मग विचारले, हे काय प्रकरण आहे. जमालुद्दीनने अरबीत समजावले, की हा माणूस त्याच्या देशाचा राखीव शिपाई आहे, त्याला कवायतीचे बोलावणे आहे, त्याला जाऊन परत यायचे आहे. मुदीराने विचारले, गेलेल्या दिवसांचा पगार आम्ही देणार नाही, हे त्याला माहीत आहे का? माहीत आहे. विमानाचे तिकीट? स्वतःचे काढतो म्हणतो. मुदीराची जपमाळ थांबली. तो म्हणाला, मग बाकी वर्षभर राखीव राहतो त्याचे त्याला काय मिळते, विचार.

जमालुद्दीन मराठीत म्हणाला, “धोंडूदादा, ते विचारतायत, राखीव राहण्याचं तुला काय मिळतं?”

धोंडीराम सावधान उभा होता. त्याला गावच्या भिंतीवरचा तो काळा चौकोन दिसला असेल. मान वर करून तो म्हणाला, “माफी.”

जमालुद्दीन अरबीत सांगायला तोंड उघडणार, तोवर मुदीराने हात वर केला. त्याला दुभाष्याची गरजच पडली नव्हती. शब्द त्याने आपल्या कानांनी ऐकला होता. काही नाही. माणूस पगार सोडतो, पदरचे तिकीट काढतो, समुद्र ओलांडून कवायतीला जातो, आणि त्याचे त्याला मिळते काय, तर काही नाही. तेही असे छाती काढून सांगतो.  मुदीराने कागद ओढला आणि जाऊन परत यायच्या परवानगीवर सही केली. ‘यल्ला’, म्हणजे चल नीघ, असे म्हणाला, आणि चहा संपवून जा, असेही म्हणाला.

बाहेर आल्यावर जमालुद्दीन पाण्याच्या टाकीआड गेला आणि पोट धरून हसला. धोंडीराम कागद हातात धरून उभा. त्याला वाटले, मुदीराला माफीची थोरवी कळली. तसे तो म्हणालाही. तेव्हा जमालुद्दीनने डोळे पुसत पुसत त्याला खरे काय झाले ते सांगितले.

धोंडीराम हसला नाही. त्याने कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. मग म्हणाला, आत चल.

जमालुद्दीनला आधी कळेना. कळले तेव्हा त्याने धोंडीरामचा दंड धरला. म्हणाला, कोण खोटे बोलले इथे? तू मराठीत खरे बोललास, त्याने अरबीत ऐकले, मी तर तोंडही उघडले नाही. सही झाली. खलास. धोंडीराम म्हणाला, ऐकणाऱ्याला चुकीचे कळले आणि आपल्याला ते ठाऊक आहे, तर मग ते खोटेच. जमालुद्दीन म्हणाला, माझ्या नोकरीचा तरी विचार कर. तो म्हणेल, दुभाषी होतास, गप्प का राहिलास? धोंडीराम म्हणाला, ते मी सांगतो, तुझ्यावर येऊ देत नाही.

“आणि कागद फाडला त्यानं तर?”

“तर फाडू दे. असल्या कागदावर जाऊन मी खडकीला सावधान कसा उभा राहू, जमालभाय?”

दुपारची नमाज होईपर्यंत ते दोघे टाकीच्या सावलीत बसून होते. जमालुद्दीन नमाज पढून आला, तरी धोंडीराम तिथेच होता. मग दोघे परत आत गेले.

आता घरपट्टी हा शब्द अरबीत कसा सांगायचा, हे जमालुद्दीनला सुचेना. दुकानदारीची अरबी त्याला येत होती, सरकारी येत नव्हती. आपल्याकडे नाक्यावर मालाची जकात भरतात, ती त्याच्या डोक्यात होती. गडबडीत त्याने सांगितले, की याच्या गावाने याला घराची जकात माफ केली आहे. मुदीर खुर्चीत ताठ झाला. अरबीत जकात म्हणजे अल्लाच्या नावाने काढायचा दानाचा वाटा. ती माफ करणारे गाव कोण? आणि हा तर मुसलमानही नाही.  जमालुद्दीनने कानाला हात लावले, तोबा केली, हाताने घर काढले, घरावर छप्पर काढले, पंचायत काढली, पैसे घेणारा हात काढला आणि तो हात मागे नेऊन दाखवला. धोंडीराम शेजारी उभा राहून प्रत्येक खुणेला मान हलवत होता.

शेवटी मुदीराला कळले. गाव घरामागे काही पैसे घेते आणि या माणसाकडून घेत नाही. ट्रेनिंगच्या दिवसांचे जेवण आणि भत्ताही मिळतो. तर मग ‘माफी’ म्हणजे काय? म्हणजे हेच, जमालुद्दीन म्हणाला. आमच्या भाषेत सोडून दिलेल्या गोष्टीला माफी म्हणतात. मुदीराला हसू आले. तो बराच वेळ हसला, जपमाळ टेबलावर ठेवून हसला. जमालुद्दीनला वाटले, सुटलो.

पण हसून झाल्यावर मुदीराने हात पुढे केला आणि कागद मागितला. रागावला नव्हता. तो जमालुद्दीनला शांतपणे म्हणाला, की या माणसाला काहीच मिळत नाही असे समजून मी नियम वाकवला होता. आता असे कळले, की याच्या गावाने याला काही दिले आहे, म्हणजे याचे गावाशी देणे-घेणे आहे. प्रत्येकाचे असते. उद्या पठाण येईल, परवा कोरियन येईल, म्हणेल मलाही माझ्या गावाने काही दिले आहे. लाइन दाबाला लावायची आहे. राहिला तर या फिटरला मी चार्जहँड, गँगचा मुकादम, करतो, हॉलिसने तशी शिफारस केलीच आहे. जायचेच असेल तर कायमचे जावे. तो कागद मी आज देतो. तो कुणालाच अडवत नाही.

जमालुद्दीनने हे मराठीत सांगितले, आणि आपल्याकडून जोडले, की धोंडूदादा, आता तरी राहा. चार्जहँड म्हणजे वेगळी केबिन, वेगळा पगार, दोन वर्षांत कलमांभोवती दगडी गडगा, विहिरीवर पंप. रानडुकराची वाट लावता येईल, असेही म्हणाला, कारण पारूच्या टेपमध्ये डुकरांचे होते आणि ती टेप आम्हा सगळ्यांना पाठ होती.

धोंडीरामने मुदीराला सलाम केला, हिंदीत शुक्रिया म्हणाला, आणि जमालुद्दीनला म्हणाला, “कायमचा दे म्हणावं.”

   शंकर म्हणाला, असला मूर्ख मी आमच्या आख्ख्या तालुक्यात पाहिला नाही, आणि त्याने आपल्या पैशांनी धोंडीरामच्या पेटीला नवे कुलूप आणून दिले. हॉलिस आपल्या कवायतीला निघाला तेव्हा त्याला हे कळले. त्याने ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला, पण त्याचा स्वतःचा कागद तयार होता आणि विमान ठरलेले होते. जाताना तो धोंडीरामच्या केबिनपाशी आला आणि त्याने सलाम ठोकला. धोंडीरामने तो रीतीप्रमाणे परत केला. लाल तोंडाचा तो उंच माणूस आणि हा सडपातळ कोकण्या, दोघे वाळूत समोरासमोर उभे, आणि मेसमधले फिलिपिनो पोरगे खिडकीतून बघत होते.

जमालुद्दीन मात्र खरोखर रुसला. आपल्या तोंडाने आपण मित्राची नोकरी घालवली, हे त्याच्या मनातून जाईना. त्याला वाटायचे, घरपट्टीला नीट शब्द सापडला असता, जकात तोंडात आली नसती, तर मुदीर वेगळे बोलला असता. शुक्रवारी तो एकटाच मासे आणायला गेला. आणले ते ताजे नव्हते, आणि त्यावरून भांडायला कुणी नव्हते.

पुढचे आधीच सांगून टाकतो. धोंडीराम वेळेत पोचला, ट्रेनिंग पुरे केले, आणि त्याची वर्षे भरली. सुटकेचा दाखला घेऊन तो गावी आला आणि स्वतः ग्रामसेवकाकडे जाऊन म्हणाला, आता पुसा. त्या वर्षापासून तो घरपट्टी भरू लागला. पहिल्यांदा भरायला गेला तेव्हा पारूलाही बरोबर घेऊन गेला होता म्हणतात. नंतर तालुक्याच्या नळयोजनेवर त्याला फिटरचे काम मिळाले. पगार यान्बूच्या पासंगाला नव्हता. रानडुकरांनी पुढची तीन-चार वर्षे कलमे उकरली. हे त्याने कुणाजवळ तक्रार म्हणून सांगितले नाही, पण झाले ते झाले.

मला आठवतो तो त्याच्या जाण्याचा दिवस. सकाळची पाळी सुरू व्हायची होती. जेद्द्याची बस गेटाबाहेर उभी होती. राबिघमार्गे जाणारी, धुळीने पांढरी. धोंडीराम केबिनीतून निघाला. पत्र्याची पेटी खांद्यावर, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. आम्ही पेटीला हात लावू लागलो तर नको म्हणाला. शंकरला म्हणाला, लाइन दाबाला लावाल तेव्हा तिसऱ्या व्हॉल्वपाशी उभा राहा, तिथली जागा मला पटलेली नाही. एवढेच. मग तो पाइपाच्या कडेकडेने चालू लागला. गेटापर्यंतची वाट लांब होती आणि ऊन नुकतेच वर येत होते. त्याची सावली त्याच्याहून लांब, पाइपावर चढून पुन्हा वाळूत उतरत होती. वळून त्याने पाहिले नाही. वळायची त्याची सवयच नव्हती.

जमालुद्दीनने आदल्या दिवशी सांगितले होते, की मी येणार नाही, मला हजेरी घ्यायची आहे. त्याच्या खिडकीसमोर पठाणांची आणि कोरियनांची रांग लागलेली. तो आत बसला होता. धोंडीराम निम्म्या वाटेवर गेला तेव्हा तो उठून बाहेर आला आणि टाइम ऑफिसच्या पायरीवर उभा राहिला. त्याने हाक मारली नाही, हात हलवला नाही. धोंडीराम गेटाबाहेर गेला, पेटी टपावर चढवली, बसमध्ये दिसेनासा झाला. बस सुटली, रस्त्याला लागली, धूळ खाली बसली. जमालुद्दीन पायरीवरून हलला नाही, आणि कामाला उशीर होत असूनही रांगेतल्या एकाही माणसाने त्याला आत चल म्हटले नाही.